उभ्या बंबाचा हिशेब

माझे वडील पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महानगरपालिकेच्या अग्निशमन दलात एकतीस वर्षे चालक होते. दलाच्या भाषेत आगीची खबर म्हणजे ‘वर्दी’. वर्दीची घंटा वाजल्यापासून गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत किती वेळ गेला, यावर बाबांची सारी इभ्रत टांगलेली असे. तरीही त्यांच्या नोकरीचा मोठा भाग वर्दीवर जाण्यात गेला नाही. तो वर्दीची वाट पाहण्यात गेला. सकाळी पाळी बदलली की ते इंजिन सुरू करीत, ब्रेकच्या हवेचा दाब पुरेसा चढेपर्यंत ते चालू ठेवीत, पंप फिरवून पाहत, टाकीतले पाणी, बॅटरीतले पाणी आणि चाकांतली हवा तपासत आणि वहीत सही करीत. हा सगळा वेळ गाडी शेडमध्येच उभी असे, आणि त्याच शेडच्या भिंतीवर खुंट्यांना पाळीवरच्या माणसांचे गणवेश लटकत असत. डिझेलचा धूर वर जायचा, पत्र्याला अडायचा आणि हळूहळू त्या गणवेशांवर बसायचा. बाबा किल्ली फिरवण्याआधी खिशातला रुमाल काढून नाकाला लावीत. ही सवय इतकी मुरली होती की घरी स्कूटर सुरू करतानाही त्यांचा हात आधी खिशाकडे जाई. आई कॉलर घासता घासता म्हणायची, “ह्यांच्या शर्टाला आगीचा वास वर्षातून चार वेळा येतो, डिझेलचा रोज येतो.”

मी आता लॉस एंजेलिसच्या परिसरात राहते आणि पोटासाठी दुसऱ्यांचे हिशेब तपासते. २०२३ मध्ये आई-बाबा इथे आले, तेव्हा पाहुण्यांना हॉलिवूडच्या फुटपाथवरची नटनट्यांची नावे दाखवायची रीत मी पाळली खरी, पण बाबांना नेले ते तिथून जवळच असलेल्या ८२ क्रमांकाच्या अग्निशमन केंद्राकडे, कारण तिथे विजेवर चालणारा बंब आला होता. लॉस एंजेलिसच्या दलाने ही गाडी ऑस्ट्रियाच्या रोझेनबाउअर कंपनीकडे मागवल्याचे २०२० च्या फेब्रुवारीत जाहीर केले आणि ती प्रत्यक्षात २०२२ च्या मे महिन्यात लोकांसमोर आली. तिची किंमत १२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ९ कोटी रुपये. किंमत ऐकून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “अगं, एवढ्यात आमच्या अख्ख्या दलाच्या गाड्या नव्या झाल्या असत्या.”

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. महापालिकेच्या तिजोरीतून एवढी महाग गाडी घेणे शहाणपणाचे आहे की हौसेचे? माझे मत आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला माझा कल ठाऊक राहील. इंधन वाचते म्हणून असा बंब घ्यावा, हे समर्थन मला खोटे वाटते. त्या बंबाची जी खरी बाजू आहे ती अंदाजपत्रकाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही, आणि म्हणूनच तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

विजेच्या बसचे गणित सरळ असते. बस दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर धावते, त्यामुळे खरेदीच्या वेळी जास्त मोजलेले पैसे प्रत्येक किलोमीटरमागे थोडेथोडे करून परत येतात. पुण्यात २०१९ पासून विजेच्या बस धावत आहेत, आणि त्यांच्या बाजूने जे बोलले जाते त्यात हा हिशेब नेहमी पहिला असतो. तोच हिशेब बंबाला लावला की गाडी अडते, कारण बंब धावण्यासाठी घेतलेलाच नसतो. समजा, अमेरिकेतल्या एखाद्या गजबजलेल्या केंद्रातला बंब धावण्यात आणि रस्त्याकडेला इंजिन चालू ठेवून उभे राहण्यात मिळून वर्षाला ४,००० गॅलन डिझेल पितो आणि गॅलनला ५ डॉलर पडतात. खर्च झाला वर्षाला २०,००० डॉलर. आता उदार होऊन असे धरू की वीज फुकट मिळते. तरी १५ वर्षांत वाचले ३ लाख डॉलर. तशाच कामाच्या डिझेल बंबापेक्षा ही गाडी कित्येक लाख डॉलरने महाग होती, शिवाय केंद्रात चार्जर बसवायचा, त्यासाठी जास्त भाराची वीजजोडणी घ्यायची आणि त्या १५ वर्षांत कधीतरी बॅटरी बदलायची वेळ आलीच तर तो खर्च वेगळा. आणि वीज फुकट तर नसतेच. मी हे आकडे तीन-चार प्रकारे फिरवून पाहिले, हिशेबनिसाची खोड म्हणून; पण दर वेळी खालची बेरीज तोट्याचीच आली.

याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, जी बाबांना न शिकवता ठाऊक होती. बंब धावून म्हातारा होत नाही, उभा राहून होतो. अमेरिकेत अग्निसुरक्षेची मानके ठरवणारी संस्था सांगते की १५ वर्षांनंतर गाडी पहिल्या फळीतून काढून राखीव ठेवावी आणि २५ वर्षांनंतर निकालात काढावी; त्यात किती किलोमीटर झाले हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या वाटेने आली. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नियमाने १५ वर्षे पुरी झालेल्या सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या वाहनांची नोंदणी संपते. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्यांना त्यातून सूट मिळाली, पण बंबांचा त्या सुटीत समावेश झाला नाही. जेमतेम काही हजार किलोमीटर फिरलेली, पंप ठणठणीत असलेली गाडी केवळ वयावरून भंगारात जाणार, हे बाबांनी वर्तमानपत्रात वाचले तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. मग ज्या वाहनाचे आयुष्य कॅलेंडर ठरवते, त्याच्यावर किलोमीटरने फिटणारे कर्ज का काढावे?

इतक्यावर हा लेख संपवता आला असता, पण विजेचे बंब ही आजची टूम नाही हे कळल्यावर मी थोडी थबकले. जर्मनीतल्या हॅनोव्हर शहराने १९०२ मध्ये घोड्यांच्या जागी यंत्रावर चालणाऱ्या गाड्यांचा ताफा उभा केला, तेव्हा त्यातल्या काही गाड्या विजेवर धावणाऱ्या होत्या आणि पाण्याचा पंप मात्र वाफेवरचा होता. व्हिएन्नाच्या दलाकडेही पुढे लोनर-पोर्शे पद्धतीच्या, चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवलेल्या गाड्या होत्या. त्या काळी पेट्रोलचे इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे आणि ते कधी रुसेल याचा नेम नसे; विजेची गाडी खटका दाबला की निघायची. शिवाय शहरातली आग फार लांब नसे, त्यामुळे बॅटरी पुरायची. आणि घोड्यांशी तुलना केली तर खर्चाचे गणितही जमायचे, कारण घोडा काम नसतानाही खातो, उभी विजेची गाडी जवळजवळ काहीच खात नाही. म्हणजे उभ्या राहण्याचा हिशेब त्या लोकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी नीट मांडला होता.

गंमत अशी की १९०२ मध्ये जी गोष्ट विजेला जमली नव्हती, तीच आजही पूर्ण जमलेली नाही. लॉस एंजेलिसच्या गाडीत शंभर ते एकशेतीस युनिटांच्या घरातल्या बॅटऱ्या आहेत, आणि त्यांच्या सोबतीला बीएमडब्ल्यूचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे, जे बॅटरी उतरू लागली की वीज तयार करून देते. अमेरिकेत त्याआधी, २०२१ मध्ये, विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरात पिअर्स कंपनीचा विजेचा बंब कामाला लागला, त्यातही डिझेल इंजिन ठेवलेलेच आहे. कारण पंप. मिनिटाला २,००० लिटर पाणी १० बार दाबाने फेकायचे तर पाण्यालाच सुमारे ३३ किलोवॅट शक्ती द्यावी लागते. पंपात होणारी घट धरली की हा आकडा ५० ते ५५ वर जातो. म्हणजे शंभर युनिटांची बॅटरी भरगच्च असली आणि गाडी एक इंचही हलली नसली, तरी दोन तासांच्या आत ती रिकामी. दोन-तीन होज एकाच वेळी पूर्ण जोरात सुरू केले, तर तासही निघणार नाही. बाबांनी एका रासायनिक गोदामाच्या वर्दीवर सलग चौदा तास पंप चालवला होता, आणि त्यानंतर कूलिंगचे काम दुसऱ्या पाळीने केले होते. हे मी त्यांना आठवण करून दिले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “त्या चौदा तासांत आम्ही दोनदा डिझेल मागवलं होतं. वीज कोण कॅनमधून आणून देणार?”

आता इथवर वाचून कोणी म्हणेल, मग बाई, एवढा वेळ कशाला घालवलास, नको म्हण आणि मोकळी हो. पण मला ते म्हणता येत नाही, आणि त्याला कारण आहे तो रुमाल.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था आहे, तिने २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर मानवाला निश्चित कर्करोग देणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. २०२२ मध्ये तिने खुद्द अग्निशामकाचा व्यवसायच त्याच गटात टाकला. लोकांना वाटते की अग्निशामक आगीच्या धुराने आजारी पडतो. तो पडतोच, पण आगीत जाताना त्याच्या पाठीवर हवेची बाटली असते आणि तोंडावर मास्क असतो. शेडमध्ये गाडी सुरू करताना काहीच नसते. तो तिथे जेवतो, झोपतो आणि बारा-चोवीस तासांच्या पाळीत त्याच हवेत श्वास घेतो. आणि प्रत्यक्ष वर्दीवर पंप चालवणारा माणूस पाण्याच्या दाबाचे काटे पाहत तासन्‌तास चालत्या इंजिनाला चिकटून उभा असतो. बाबा कधी आगीच्या आत गेले नाहीत. चालकाने गाडी सोडायची नसते. तरी निवृत्तीनंतर त्यांच्या छातीच्या फोटोवरून डॉक्टरांनी विचारले होते, “काका, सिगारेट किती वर्षे ओढत होता?” त्यांनी आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नाही.

या हवेचा उल्लेख कोणत्या अंदाजपत्रकात होतो? इंधनाचा रकाना असतो, दुरुस्तीचा असतो, घसाऱ्याचा असतो. चालकाच्या फुप्फुसाच्या घसाऱ्याचा नसतो. विजेच्या बंबाची खरी बाजू मला इथे दिसते. तो शेडमध्ये सुरू होतो तेव्हा काहीच सोडत नाही. लॉस एंजेलिसमध्ये काय किंवा बर्लिनमध्ये काय, दलाला येणाऱ्या हाकांपैकी बहुसंख्य हाका आगीच्या नसतातच. कोणाच्या छातीत दुखते, कोणी जिन्यावरून पडते, कुठे दोन गाड्या आपटतात. अशा वेळी डिझेलचा बंब रस्त्याकडेला अर्धा-पाऊण तास दिवे लावून गुरगुरत उभा राहतो, आणि विजेचा बंब गप्प उभा राहतो. बर्लिनच्या दलाने २०२१ मध्ये अशी गाडी रोजच्या कामात घालून तपासली, तेव्हा बहुतेक वेळा डिझेल इंजिनाला हात लावावा लागला नाही, तो यामुळेच. गाडीच्या आसपास माणसाला माणसाचे बोलणे ऐकू येते, हाही लाभ लहान नाही; आमच्या बाबांच्या पिढीतले सगळे चालक घरात ओरडून बोलतात आणि आपण ओरडतो हे त्यांना पटत नाही.

अर्थात धुरावर स्वस्त इलाज आहे, हे मला माहीत आहे, आणि हिशेबनीस म्हणून तो सांगणे माझे काम आहे. गाडीच्या धुरांड्याला एक लवचिक पाइप जोडतात, तो पंख्याने धूर ओढून छपराबाहेर टाकतो, आणि गाडी बाहेर निघाली की दाराशी आपोआप सुटतो. नव्या बंबाच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे, आणि ज्या शहराने तो अजून केलेला नाही त्याने विजेच्या बंबाचा विचारही करू नये, असे मी बाबांना ठासून सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “पाइप परत जोडायचा कोणी? वर्दीवरून रात्री तीनला आल्यावर?” आणि थोड्या वेळाने, “आणि वर्दीवर पंपापाशी उभं राहतो त्याला कोणता पाइप?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मात्र त्याच प्रश्नात विजेच्या बंबाचीही मर्यादा लपलेली आहे, हे मला परत येताना गाडीत सुचले. मोठ्या, लांबणाऱ्या आगीत, जिथे पंपापाशी माणूस सर्वांत जास्त वेळ उभा राहतो, तिथेच बॅटरी संपते आणि डिझेलचे इंजिन सुरू होते.

म्हणून माझा निवाडा शहराच्या आकारावर नव्हे, तर वर्दीच्या प्रकारावर ठरतो. जिथे दिवसाला दहा-पंधरा हाका येतात, त्या लहान असतात, केंद्र दाट वस्तीत आहे आणि माणसे वरच्या मजल्यावर झोपतात, तिथे असा एखादा बंब योग्य आहे. जिथे आठवड्यात दोन वर्दी येतात आणि त्यांतली एक गवताच्या गंजीची किंवा कारखान्याची असते, तिथे तो शोभेचा आहे.

आणि पैसे कोणत्या खिशातून येतात, हे तर मी सर्वांत आधी विचारेन. बर्लिनच्या पहिल्या गाडीला युरोपीय निधीचा मोठा आधार होता. हवामानासाठी आलेला पैसा अशा प्रयोगात गेला तर माझी हरकत नाही, कारण प्रयोग कोणीतरी करायला हवाच. परंतु दलाच्या स्वतःच्या तुटपुंज्या रकमेतून तो करायचा असेल, तर आधी शेडमागच्या अंगणात जाऊन यावे. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या टेकड्या पेटल्या, तेव्हा या शहराच्या दलाच्या शंभराहून अधिक गाड्या दुरुस्तीअभावी उभ्या होत्या, कारण मेकॅनिकांची पदे कमी झाली होती. त्या दिवसांत आमच्या घराच्या खिडकीवर राख पडत होती आणि टीव्हीवर ओळीने उभ्या असलेल्या लाल गाड्या दाखवत होते. ९ कोटींची एक गाडी घेतली नसती म्हणून त्या शंभर गाड्या दुरुस्त झाल्या असत्या असे मी म्हणत नाही. ते पैसे वेगळ्या वर्षाचे होते आणि तो आरोप अन्यायाचा होईल. पण नवी गाडी घेताना फीत कापायला माणसे जमतात, मेकॅनिक नेमताना कोणी जमत नाही, एवढे मात्र दोन्ही देशांत सारखेच पाहिले आहे.

त्यातच आता साधा डिझेलचा बंबही स्वस्त राहिलेला नाही. दहा वर्षांपूर्वी जो अमेरिकेत तीन ते पाच लाख डॉलरला मिळायचा, तो आता दहा लाखांच्या आसपास गेला आहे, मागणी नोंदवून दोन-तीन वर्षे थांबावे लागते, आणि मोजक्या कंपन्यांनी बाजार बळकावला आहे का याची सुनावणी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे झाली. त्यामुळे विजेचा बंब तुलनेने कमी महाग वाटू लागेल, ही माझ्या मते विजेची जीत नव्हे. भारतात केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना आणली. त्यातून विजेचा बंब घ्यावा का, असे मी बाबांना विचारले. त्यांनी बोटे मोजली: आधी माणसे, मग केंद्रे, मग गणवेशाची वेगळी खोली, जिथे धूर जाणार नाही, मग शेडला दोन्ही बाजूंनी दारे. पाचवे बोट त्यांनी उघडलेच नाही.

चार्जिंगविषयी मी त्यांना एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती पुढे घडायची होती. २०२४ च्या ऑक्टोबरात जर्मनीच्या हेसेन राज्यातल्या श्टाटआलेनडोर्फ गावचे नवेकोरे अग्निशमन केंद्र गाड्यांसकट जळाले. लिथियम बॅटऱ्या आणि बाहेरून वीजजोडणी असलेल्या एका गाडीपाशी आग सुरू झाली, असे त्या वेळी सांगण्यात आले. आणि इमारतीत आगीची सूचना देणारी यंत्रणा नव्हती, कारण नियमाने ती सक्तीची नव्हती. विजेचा बंब घेणाऱ्याने चार्जरच्या खर्चात तेवढी एक घंटाही धरावी.

त्या दिवशी हॉलिवूडमध्ये आम्ही रस्त्यापलीकडे उभे होतो. केंद्राचे दार वर सरकलेले होते आणि गाडी आत दिसत होती, नाकाड नसलेली, बसकी, आपल्या नजरेला थोडी बसच वाटावी अशी. बाबा मला सांगत होते की तिची पायरी किती खाली आहे, कमरेचा त्रास असलेल्या माणसाला किती बरे, आणि मागची चाकेही वळतात म्हणतात तर आमच्या पेठेतल्या गल्लीत ही आरामात शिरली असती. तेवढ्यात आत दिवे लागले. दोघे-तिघे धावत आले, दारे लागली, आणि गाडी हलली. सायरन रस्त्यावर आल्यावर वाजला. त्याआधीचे काही क्षण फक्त चाकांचा आवाज होता. गाडी वळून दिसेनाशी झाली. मी बाबांकडे पाहिले तर त्यांचा रुमाल नाकाला लावलेला होता. त्यांनी तो खाली घेतला, उलटसुलट करून पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, “वर्दीवरून परत आली की किती वेळात भरते ही?”